दाराच्या चौकटीवरच्या टिकल्या

सुचित्राने बोलावलेल्या पहिल्या बैठकीला दोन बायका आल्या. त्यातली एक चुकून आली होती. तिला वाटलं, रेशनकार्डाचं काहीतरी आहे. दुसरीबरोबर तिची नणंद आली आणि शेवटपर्यंत दाराशी उभी राहून घड्याळाकडे बघत राहिली. हॉलभर खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे मागवले होते, भिंतीवर चिकटवायला रंगीत कागद आणि स्केचपेनं आणली होती. समोसे शेवटी वॉचमनच्या आणि त्याच्या दोस्तांच्या कामी आले, आणि सुचित्रा कागदांची गुंडाळी बगलेत मारून नेरूळला आपल्या घरी परतली.

ती समाजशास्त्रज्ञ होती. मुंबईतल्या एका संस्थेत शिकवायची आणि गेलं वर्षभर कोपरखैरण्यातल्या माथाडी वसाहतीत हिंडत होती. घरात कोणी अंथरुणाला खिळलं की त्याचं कोण करतं, आणि ते करता करता करणारीचं काय होतं, हा तिचा विषय. ‘कौटुंबिक शुश्रूषा, आरोग्य आणि समाज’ असं तिच्या प्रकल्पाचं भारदस्त नाव होतं. वसाहतीतल्या बायका त्याला ‘म्हाताऱ्यांचं करायचं ते’ म्हणायच्या. खरं म्हणजे तेच नाव जास्त बरोबर होतं, पण त्या नावाला अनुदान कोण देणार?

वस्ती सातारा-पाटणकडच्या माणसांची. मार्केटात आयुष्यभर पाठीवर पोती वाहिलेले बाप आता घरात बसले होते, काही तर आडवेच झाले होते. पोरं महाप्याला कंपन्यांत नाहीतर जासईच्या कंटेनर यार्डात कामाला. त्यामुळे बापांच्या पाठी, आयांचे गुडघे, कुणाचा अर्धांगवायू तर कुणाची गेलेली नजर, हे सगळं सुनांच्या पदरात पडलं होतं. आणि सुना ते बिनबोभाट निभावत होत्या.

संशोधकाने आवड-निवड ठेवू नये असं सुचित्रा विद्यार्थ्यांना बजावायची. स्वतः मात्र रंजिताचं घर नेहमी फेरीच्या शेवटी ठेवायची, म्हणजे तिथे जरा निवांत टेकता यावं. रंजिता पस्तिशी ओलांडलेली, हाडाने बारीक, बोलायला मिस्कील. खिडकीशी तिचं शिलाईमशीन. वसाहतीतल्या साड्यांना फॉल लावण्याचं आणि पिकोचं काम ती घरबसल्या करायची. मशीनसमोर पलंग, आणि पलंगावर तिची सासू बाळाबाई.

बाळाबाईंना विसरण्याचा आजार होता. सकाळचं जेवण दुपारी आठवत नसे, नातीला त्या आपली धाकटी बहीण समजत, आणि डोळा चुकवून रस्त्यावर गेल्या की परत यायची वाट सापडत नसे. त्यांचे यजमान गावीच, पाटणजवळ, गुरांपाशी राहायचे. ते कोण हेही त्यांना अधूनमधूनच आठवे. पण एक गोष्ट त्या कधी विसरत नसत. दर थोड्या वेळाने मान उचलून विचारायच्या, “राजा आला का गं?” राजा म्हणजे राजवर्धन, त्यांचा मुलगा. रंजिता मशीन न थांबवता सांगायची, “ड्युटीवर हायत, आत्या. येतील.” पहिल्याच भेटीत सुचित्राने मिस्टर काय करतात म्हणून विचारलं, तर महाप्याला कंपनीत आहेत, शिफ्ट असते, असं रंजिता म्हणाली आणि बाळाबाईंनी अभिमानाने पुस्ती जोडली की तिथं त्यो सायेब हाय. सुचित्राने ते लिहून घेतलं. शिफ्टवाला नवरा काही तिला कधी भेटला नाही, पण वसाहतीतले बहुतेक नवरे तिला भेटलेच नव्हते. तिच्या संशोधनाचा तोही एक निष्कर्ष होता.

त्या घरातली आणखी एक गोष्ट सुचित्राच्या डोळ्यांत भरली होती. दाराच्या चौकटीवर, आतल्या अंगाला, कडीजवळ, मरून रंगाच्या टिकल्या चिकटवलेल्या असत. बायका आरशाला टिकल्या लावून ठेवतात, हिने चौकटीला लावल्या होत्या. सुचित्राने त्याचा अर्थही लावून टाकला: करणाऱ्या बाईला आरशापर्यंत जायलाही सवड नसते. वर्गात तिने हे उदाहरण सांगितलं तेव्हा मुलं भारावून गेली, आणि खोटं कशाला बोला, सुचित्रा स्वतःही थोडी भारावली होती.

पण गेल्या दोनतीन महिन्यांत रंजिता थकलेली दिसू लागली होती. एकदा पाण्याची बादली उचलताना तिला भोवळ आली आणि ती मशीनला धरून उभी राहिली. रक्तदाब वाढलेला, गोळी घ्यायची आठवण नाही, घराबाहेर पाय टाकायचा तो भाजीपुरता. माहेर लांब, मुलगी मनस्वी शाळा आणि क्लासमध्ये. बोलायला माणूस म्हणजे सुचित्राच, आणि तिचा प्रकल्प मार्चअखेर संपणार होता. मग आपण यायचं बंद होणार, मग हिला कोण विचारणार, हा घोर सुचित्राला लागला. रंजिताला तिच्यासारख्याच बायकांच्या हाती सोपवून मग इथून निघायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. ती फसलेली बैठक त्यासाठीच होती.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी तिने रंजितापाशी आपलं गाऱ्हाणं मांडलं. रंजिता दोरा दातांनी तोडून हसली.

“मॅडम, मीटिंगला कोन सोडनार? मीटिंग म्हनलं की घरात टेन्शन, काय शिकून येती कोनास ठाऊक. तुमी हळदीकुंकू करा. संक्रांत आलीच हाय. हळदीकुंकवाला जाऊ नको म्हनायची कुठल्या सासूची छाती नाय.”

सुचित्रा जरा बावरली. हळदीकुंकवावर तिने पूर्वी एक लेखच लिहिला होता, बराच कडक. नवरा गेलेल्या बाईला ज्या समारंभात जागा नाही तो आपल्याला नको, असं तिने त्यात ठणकावून म्हटलं होतं आणि स्वतःच्या घरातही ती प्रथा बंद केली होती. आता तेच करायचं? तिने मनातल्या मनात आपल्या सगळ्या बायका डोळ्यांपुढून नेल्या. हिचा नवरा रिक्षा चालवतो, हिचा मार्केटात, हिचा शिफ्टला. नाही, नवरा नसलेली यात कोणी नाही. तरीही मन मानेना म्हणून ती मोठ्याने म्हणाली की यात कुणी वगळलं जाता कामा नये.

“तुमच्यातली कोन वगळली जात नाय,” रंजिता म्हणाली आणि तिने मशीन चालू केलं.

तू मात्र यायचंसच, असं सुचित्राने तिला बजावलं. आत्यांना कोण बघणार, असं रंजिता म्हणाली. मी माणूस शोधते, असं सुचित्रा म्हणाली. बघू, असं रंजिता म्हणाली, आणि त्या ‘बघू’ला सुचित्राने होकार धरलं.

हळदीकुंकवाचं घर ठरलं ज्ञानेश्वरीचं. ज्ञानेश्वरी रंजिताच्याच गल्लीत, चार दारं सोडून राहायची. दणकट, कामसू, मोठ्या आवाजाची. तिचे सासरे बाबासो एकेकाळी मार्केटात दोन पोती एकदम पाठीवर घेणारे म्हणून नावाजलेले, आता उजवं अंग गेलेलं आणि वाचाही. बोलावणी करायचं काम ज्ञानेश्वरीने अंगावर घेतलं, कारण घराघरांतल्या सासवांशी कसं बोलायचं हे तिला ठाऊक होतं. रंजिताला विसरू नकोस, असं सुचित्राने दोनदा सांगितलं. ज्ञानेश्वरी हो हो म्हणाली आणि लगेच, वाण काय द्यायचं, म्हणून विचारू लागली.

वाणाचा विचार सुचित्राने फार मनापासून केला होता. वर्षभरात तिने या बायकांना गरम चहा पिताना कधी पाहिलं नव्हतं. कप तोंडाला लावला की पलीकडून हाक यायची, आणि परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असायची. म्हणून तिने झाकणाचे स्टीलचे मग आणले, चहा गरम ठेवणारे.

त्या दुपारी ज्ञानेश्वरीचं घर भरून गेलं. मीटिंगला न फिरकलेल्या बायका काठापदराच्या साड्या नेसून, गजरे माळून, आपण होऊन आल्या. शरीफासुद्धा आली. ती जासईकडची, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची आणि साखरेने नजर गेलेल्या सासूचं करायची. तिच्यापाशी आल्यावर ज्ञानेश्वरीने करंडा बाजूला ठेवला, हातावर अत्तर लावलं, तिळगूळ दिला, फूल दिलं. कुणाला काही वावगं वाटलं नाही, शरीफालाही नाही.

आणि मग त्या बोलल्या. सुचित्राला वर्षभर प्रश्न विचारून जे मिळालं नव्हतं ते अत्तराच्या वासात आपोआप बाहेर येऊ लागलं. सासऱ्याला पहिल्यांदा अंघोळ घालताना एकीने डोळे मिटून घेतले होते, ते सांगताना ती आधी हसली आणि मग रडली. शरीफा म्हणाली की अम्मी मला हाताच्या वासावरून ओळखते, मी साबण बदलला तर घाबरते. कुणी कुणाला सल्ला दिला नाही. नुसतं ‘माझ्याकडं पन असंच’ एवढं म्हणत राहिल्या, आणि तेवढ्याने त्यांचे चेहरे हलके होत गेले. सुचित्राचा ऊर भरून आला. मध्येच तिने विचारलं की तुमच्या घरी आत्ता कोण बसलंय, तर सोय केलीय, असं सगळ्यांनी एकसारखंच सांगितलं. बाबासोही दिसत नव्हते. खाटेला जागा लागते म्हणून त्यांना कुठेतरी नेलं असेल, असं तिला वाटलं. आनंदात माणूस फार चौकशा करत नाही.

एकच गोष्ट सलत होती. रंजिता आली नव्हती. सुचित्रा दाराकडे बघत राहिली, आणि वाण वाटायची वेळ झाली तेव्हा मगांचा खोका आणायला आतल्या खोलीत गेली.

खोका पिठाच्या डब्यावर होता. वरच्या फळीवर, देवांपासून जरा अंतर ठेवून, एक फोटो होता. कंपनीचा निळा शर्ट घातलेला हसरा माणूस, पुढच्या दोन दातांत फट. फोटोला चंदनाचा हार. ज्ञानेश्वरीचा दीर असेल असं म्हणून सुचित्रा खोका उचलणार, तोच ती थांबली. ती दातांतली फट तिच्या ओळखीची होती. बाळाबाईंच्या तोंडातली तशीच फट वर्षभर तिला ‘राजा आला का’ म्हणून विचारत आली होती.

ज्ञानेश्वरी मागून आली, आणि हे कोण, असं सुचित्राने तिला विचारलं.

“रंजिताचे मिस्टर. राजाभाऊ.” ज्ञानेश्वरीने आवाज खाली आणला. “तुमाला ठाव न्हवतं? एवढं वर्षभर जाता की तिच्याकडं.”

ते शिफ्टला असतात ना, असं सुचित्रा म्हणाली, आणि म्हणतानाच आपण काय म्हणतोय हे तिला कळलं.

ज्ञानेश्वरीने सांगितलं ते थोडक्यात असं. राजवर्धन कामावर असताना छातीत कळ येऊन गेला, त्याला तीन वर्षं होत आली. सकाळी डबा घेऊन निघाला तेव्हा बाळाबाई दारात होत्या, आणि त्यांच्या डोक्यात तो अजून तसाच कामावर गेलेला होता. आजार तेव्हा नुकता सुरू झाला होता. सुरुवातीला रंजिता त्यांना खरं सांगायची. सांगितलं की म्हातारी ऊर बडवून घ्यायची, जणू आत्ताच कळलंय, आणि खरोखरच तिला आत्ताच कळलेलं असायचं. दुपारपर्यंत विसरायची आणि पुन्हा विचारायची, राजा आला का. पुन्हा तोच आकांत. सुनेचं मोकळं कपाळ पाहिलं तरी किंचाळायची. आईला पोराचं मरण असं रोज किती वेळा ऐकवायचं? शेवटी एका सकाळी रंजिताने टिकली लावली, गळ्यात काळी पोत घातली आणि म्हणाली, ड्युटीवर हायत. त्या दिवसापासून घर शांत झालं. हाराचा फोटो त्या घरात कुठे लावणार, म्हणून तो इथे आला. बाहेर जाताना रंजिता टिकली काढून चौकटीला लावते, पोत पदराखाली सारते आणि परत आल्यावर पुन्हा लावते, कारण गल्लीला तोंड आहे.

सुचित्राला वर्गातले भारावलेले चेहरे आठवले आणि कानशिलं तापली.

आज हे सगळे पेशंट कुठे आहेत, हा प्रश्न तिने विचारला खरा, पण उत्तर तिला आधीच कळलं होतं. सगळे रंजिताकडे होते. तुम्ही जावा, मी हाय, असं तिनेच घरोघर सांगून ठेवलं होतं.

“बोलावनं दिलं मी त्या घरी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आत्यांच्या नावानं दिलं. त्या सवाष्ण हायत. रंजिताला ये म्हनले न्हाय, आन ती येनार न्हाय हे मला ठाव होतं. वाईट वाटलं. पन म्हनले न्हाय.”

सुचित्राला तिचा राग आला, पण तो टिकला नाही. जिच्या नवऱ्याचा फोटो ही बाई रोज पुसते तिलाच तिने बोलावलं नव्हतं, आणि यात काही विसंगत आहे असं तिला आजपर्यंत वाटलं नव्हतं. पण सुचित्राचं तरी काय? जिच्यासाठी हा सगळा घाट घातला ती एकटीच बाहेर राहिली होती, आणि तिच्याच जिवावर बाकीच्या इथे तिळगूळ खात होत्या. बाहेरच्या खोलीत कुणीतरी उखाणा घेतला आणि हशा पिकला. सुचित्राने एक मग उचलला, चप्पल पायांत सरकवली आणि ती रंजिताच्या घराकडे निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबासो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत, शरीफाची अम्मी पलंगाच्या कडेला माळ ओढत, आणखी चारपाच म्हातारी माणसं भिंतीला टेकून पेंगत, आणि मध्ये रंजिता बाबासोंना चमच्याने पातळ खिचडी भरवत होती. कपाळावर टिकली. सुचित्राचा चेहरा पाहताच तिच्या हातातला चमचा क्षणभर थांबला. सुचित्राला कळलंय हे तिला कळलं.

सुचित्राला माफी मागायची होती. वाटेत तिने शब्दही जुळवले होते. पण पलंगावरून बाळाबाई टक लावून बघत होत्या, आणि जुळवलेला एकही शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याजोगा नव्हता. वीस वर्षं शब्दांवर पोट भरलेली बाई हातात स्टीलचा मग घेऊन दारात नुसती उभी राहिली.

“मला ठाऊक नव्हतं,” एवढंच ती शेवटी म्हणाली.

“त्यात काय,” रंजिता म्हणाली. “बसा. च्या टाकते.”

बाळाबाईंना मात्र वेगळंच काही खटकलं होतं. खिडकीतून त्यांनी नटलेल्या बायका जाताना पाहिल्या होत्या आणि नवल म्हणजे ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. समद्या हळदीकुंकवाला गेल्या, तू का न्हाय गेलीस, म्हणून त्यांनी सुनेला धारेवर धरलं. तुमच्याजवळ कोण बसणार, असं रंजिता म्हणाली. मला काय झालंय, असं म्हणत बाळाबाई पलंगावरून उतरू लागल्या. सवाष्णीनं बोलावणं परतवू नये, राजाला कळलं तर त्यो मला बोलंल, असं म्हणत त्यांनी रंजिताचा दंड धरला आणि तिला दाराकडे ओढू लागल्या. रंजिताने चमचा खाली ठेवला. सासूला नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. हो म्हणावं तर टिकलीसकट गल्लीतून चालत जावं लागणार. तिच्या डोळ्यांत सुचित्राने पहिल्यांदाच भीती पाहिली.

एवढ्यात दारात ज्ञानेश्वरी आली. मागे शरीफा, तिच्या मागे आणखी दोघी. ज्ञानेश्वरीच्या हातात तबक होतं. तिने ते का उचललं हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सुचित्रा तशी निघून गेल्यावर घरात कुणाला बसवेना, एवढंच खरं.

बाळाबाई तबक पाहून हरखल्या. ज्ञानेश्वरीने वाकून त्यांना हळदीकुंकू लावलं, ओटीत गव्हाच्या ओंब्या, बोरं, गाजराचे तुकडे घातले. मग ती सरळ झाली. पुढे रंजिता उभी होती. ज्ञानेश्वरीचं बोट करंड्यात होतं, तिथेच राहिलं.

“लाव की,” बाळाबाई म्हणाल्या. “माझ्या सुनंला का गं वगळतीस? माझा ल्योक कामावर गेलाय. मेलाय का त्यो?”

रंजिताने डोळे मिटले. ज्ञानेश्वरीने डाव्या हाताने हलकेच तिच्या कपाळावरची टिकली काढली आणि कुंकवाचं बोट तिथे टेकवलं. कुंकू जरा फिसकटलं, थोडं नाकावर सांडलं. तिने हातातली टिकली पाहिली आणि ती कुठे ठेवायची हे तिला बरोबर माहीत होतं; तिने ती चौकटीला, इतर टिकल्यांशेजारी, लावली. बाळाबाई समाधानाने पलंगावर जाऊन बसल्या आणि ओटीतलं बोर खाऊ लागल्या.

घरी पाहुण्या खोळंबल्या होत्या म्हणून ज्ञानेश्वरी तबक आणि त्या दोघींना घेऊन पुढे गेली. शरीफा म्हणाली, मी अम्मीजवळ बसतेच आहे, आत्यांना आणि बाकीच्यांनाही बघते, बाबासो खुर्चीत अवघडलेत, तुम्ही त्यांना पोचवून या. रंजिताने खुर्चीचे दांडे धरले आणि उंबऱ्यापाशी सवयीने तिचा हात कपाळाकडे गेला. बोटं कपाळाशी थबकली. टिकली काढून ठेवता येते. कुंकू पुसावं लागतं, आणि ते एकदा पुसून झालेलं होतं.

सुचित्राने आपला रुमाल पुढे केला. पुसायचं असेल तर पूस, नसेल तर नको, एवढंच तिला म्हणायचं होतं. रंजिताने रुमालाकडे पाहिलं, तो घेतला, बाबासोंच्या हनुवटीवरची खिचडी नीट टिपली, रुमाल घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खुर्ची बाहेर काढली.

गल्लीत ऊन होतं. समोरच्या गॅलरीतली एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली आणि बघत राहिली. रंजिताने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. खड्डा चुकवत खुर्ची ढकलत राहिली. सुचित्रा तिच्या बाजूने चालत होती. आता बाळाबाई ऐकत नव्हत्या, आता बोलता आलं असतं. वर्षभर का सांगितलं नाहीस, असं तिने विचारलं. फोनवर सांगायचंस, दाराशी सोडायला येताना हळूच सांगायचंस.

रंजिताने खुर्ची गटाराच्या झाकणावरून अलगद उतरवली.

“सुरवातीला आत्या समोर असायच्या म्हनून नाय सांगितलं,” ती म्हणाली. “मग नाय सांगावंसं वाटलं. समद्या गल्लीला ठाव हाय ते गेले म्हनून. कोन इचारत नाय त्यांचं. तुमी एकट्या इचारायच्या, आज कुठली शिफ्ट, जेवले का, थंडीत गाडी चालवतात का. मला सांगायला बरं वाटायचं, ताई. तेवढा वेळ ते असायचे.”

ती आजवर मॅडम म्हणायची. सुचित्राने खुर्चीचा एक दांडा आपल्या हातात घेतला, आणि दोघींनी मिळून बाबासोंना त्यांच्या दारात नेऊन सोडलं.

परत आल्या तेव्हा शरीफाने चहा टाकलेला होता. तिने तो नव्या मगात ओतून, झाकण लावून रंजिताच्या मशीनवर ठेवला. रंजिता स्टुलावर टेकली. कपाळावर ते फिसकटलेलं कुंकू तसंच होतं. तिने मग उचलला, झाकण काढलं, आणि तेवढ्यात पलंगावरून हाक आली.

“राजा आला का गं?”

रंजिताने मग खाली ठेवण्यासाठी हात वळवला. पण त्याआधी सुचित्रा पलंगापाशी गेली, बाळाबाईंच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात तिने आपल्या हातात घेतला. खोटं लिहायचं नाही आणि खोटं वदवून घ्यायचं नाही, हे तिने आयुष्यभर पाळलं होतं.

“नाही हो आत्या,” ती म्हणाली. “आज सेकंड शिफ्ट आहे त्यांची. डबा नेलाय. येतील.”

बाळाबाईंनी समजल्यासारखी मान हलवली आणि उरलेलं बोर तिच्या हातावर ठेवलं. मशीनपाशी रंजिता डोळे पुसत चहा पीत होती, आणि चहा अजून गरम होता.